उलुरूची जमीन आनंगूंची, उद्यान सरकारचं : हे सहव्यवस्थापन प्रत्यक्षात चालतं कसं?

रानमेवा

नमस्कार मंडळी,

वनहक्क, अभयारण्यं, व्याघ्र प्रकल्पातलं पुनर्वसन यांवर बोलणं निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "ऑस्ट्रेलियात बघा, राष्ट्रीय उद्यानंच आदिवासींना परत दिली." मग चर्चा तिथेच संपते. दिली म्हणजे नेमकं काय दिलं? सातबारा दिला, की किल्ल्याही दिल्या? पैसा कोणाच्या हातात? वणवा लागला तर निर्णय कोण घेतो? हे सुटं करून पाहावं म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवातीपुरती माहिती अशी. उलुरू हा मध्य ऑस्ट्रेलियातला प्रचंड तांबडा खडक. त्याच्या आसपासची 1,300 चौरस किलोमीटरहून जास्त जमीन आज 'उलुरू–काटा जूटा राष्ट्रीय उद्यान' आहे. 1920 मध्ये हा मुलूख आदिवासींसाठी राखीव ठेवला होता. 1958 मध्ये पर्यटनासाठी त्यातून उद्यानाचा तुकडा कापून काढला गेला. 26 ऑक्टोबर 1985 रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीची कागदपत्रं आनंगू या तिथल्या आदिवासी लोकांच्या हाती दिली. त्याच समारंभात आनंगूंनी ती जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं राष्ट्रीय उद्यानांच्या संचालकांकडे परत सोपवली. म्हणजे जमीन मालकांची आणि सरकार कूळ.

या व्यवस्थेतली खरी सत्ता कोणाकडे, हे जाणकारांनी सांगावं. नुसतं "छान उपक्रम" असं कृपया नको, बारकावे हवेत.

---

तळटीप

रानमेवाताई, आधी कायद्याची साखळी नीट लावू, नाहीतर पुढचं सगळं घसरतं.

उलुरू ज्या उत्तर प्रांतात (नॉर्दर्न टेरिटरी) येतं, तिथे 1976 चा आदिवासी भूहक्क कायदा आहे. आधी दावा (नवे दावे करण्याची मुदत 1997 मध्ये संपली). मग भूमी आयुक्तांसमोर सुनावणी, तीही बहुतेक वेळा जागेवर जाऊन. आयुक्तांना पटलं तर मंत्र्यांकडे शिफारस. त्यानंतर जमीन एका भूमी न्यासाच्या नावावर होते. ही मालकी पूर्ण, पण अहस्तांतरणीय. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. न्यास फक्त मालकी धरून बसतो, स्वतःहून काही करू शकत नाही. त्याला सांगायचं काम प्रादेशिक भूमी परिषदेचं. उलुरूसाठी ती मध्य भूमी परिषद, उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानासाठी उत्तर भूमी परिषद. परिषदेनंही आधी त्या विशिष्ट जागेच्या पारंपरिक मालकांची संमती घ्यायची असते.

उलुरूच्या बाबतीत मेख अशी होती की 1979 मध्ये दावा झाला तेव्हा पारंपरिक मालक कोण हे सिद्ध झालं, पण उद्यानाची जमीन तोवर संचालकांच्या नावे गेली होती. कायद्याच्या भाषेत ती 'मोकळी सरकारी जमीन' उरली नव्हती. म्हणून भोवतालची जमीन मिळाली आणि मधला खडक राहिला. त्यासाठी कायदाच दुरुस्त करावा लागला.

दुरुस्तीच्या आधी, नोव्हेंबर 1983 मध्ये, पंतप्रधान बॉब हॉक यांनी जमीन परत देण्याचं जाहीर केलं, तेव्हा भाडेपट्टा 50 वर्षांचा आणि खडकावर चढणं बंद, असं ठरलं होतं. प्रत्यक्ष करारात 99 वर्षं आली आणि चढाई चालूच राहिली. आनंगूंनी सही केली, कारण दुसरा पर्याय हातात जमीनच न येण्याचा होता. सहव्यवस्थापनाची स्तुती करताना हा भाग गाळू नये.

---

तळटीप

(वर लिहायचं राहिलं.) व्यवस्थापन मंडळात 12 सदस्य, त्यातले 8 आनंगूंनी सुचवलेले. उरलेल्यांत पर्यावरण आणि पर्यटन खात्यांच्या मंत्र्यांनी सुचवलेले, प्रांत सरकारचा एक आणि खुद्द संचालक. 1999 च्या केंद्रीय पर्यावरण कायद्याप्रमाणे उद्यान आदिवासींच्या जमिनीवर असेल तर मंडळात त्यांचं बहुमत सक्तीचं आहे.

मंडळाची कामं : व्यवस्थापन आराखडा तयार करणं, त्याला धरून निर्णय घेणं, अंमलबजावणीवर लक्ष ठेवणं आणि मंत्र्यांना सल्ला देणं. आराखडा साधारण दहा वर्षांचा. तो मंत्री मंजूर करतात आणि संसदेपुढे ठेवतात.

आता यात काय नाही ते पाहा. मंडळ कर्मचारी नेमत नाही. मंडळाचा स्वतःचा अर्थसंकल्प नाही. संचालक हे पद म्हणजेच एक निगम आहे. नोकरवर्ग, गाड्या, करार, बँक खातं, सगळं त्या पदाच्या नावावर. किल्ल्यांचं विचारलंत ना, त्या तिथे आहेत.

---

रोखठोक

म्हणजे बहुमत असूनही हातात काठी नाही. मग याला 'सह' का म्हणायचं? आपल्याकडच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांचं हेच झालं. वनपाल पदसिद्ध सचिव, दप्तर त्याच्या ताब्यात, अध्यक्ष सह्या करायला.

---

दक्षिणगोलार्ध

रोखठोक, तुलना अर्धी बरोबर आहे. आपल्या समितीकडे जमीन नव्हती आणि ती शासन निर्णयावर उभी होती. शासन निर्णय बदलला की समिती गेली. इथे भाडेपट्टा आहे, आणि त्याच्या अटी मोडल्या तर मालक दाद मागू शकतो. उलुरूच्या पट्ट्यातल्या मुख्य अटी साध्या शब्दांत अशा : आनंगूंना उद्यानात राहता येईल, शिकार आणि कंदमुळं गोळा करता येतील, विधी करता येतील, त्यांना नोकऱ्या आणि प्रशिक्षण द्यावं लागेल, आणि उद्यानासंबंधी त्यांच्या हिताविरुद्ध कायदा केला तर तो कराराचा भंग समजला जाईल. भाड्याच्या अटी ठरावीक काळानं पुन्हा बोलता येतात.

पैशाचं असं, की वार्षिक ठरावीक रक्कम आणि वर प्रवेश तिकिटांच्या उत्पन्नातले 25 टक्के. 100 डॉलरची तिकिटं विकली की 25 मालकांचे. हा पैसा फक्त घरटी वाटून संपवायचा, की त्यातला काही सामूहिक कामाला लावायचा, यावर तिथे बरीच चर्चा झाली. 2005 पासून मध्य भूमी परिषदेनं भाड्याचा एक भाग गावकऱ्यांनी निवडलेल्या कामांसाठी वेगळा काढायला सुरुवात केली. खडकाजवळच्या मुटिजुलू वस्तीतला पोहण्याचा तलाव असाच झाला. तलाव बांधणं त्यातल्या त्यात सोपं. तो रोज चालवायला माणूस, क्लोरीन, पंपाची दुरुस्ती, यांची दरवर्षीची तरतूद आधी करावी लागली. हे न करता बांधलेल्या इमारती कुठल्याही दुर्गम गावात कुलूप लावून पडलेल्या दिसतील.

टक्केवारीची एक दुखरी बाजूही आहे. 2020 मध्ये करोनात दारं बंद झाली तशी तिकिटांच्या हिश्श्याची आवकही थांबली. नुसत्या टक्क्यांवर करार केला तर पर्यटनाची सगळी जोखीम मालकाच्या डोक्यावर येते. म्हणून ठरावीक रक्कम अधिक टक्के, अशी दुहेरी रचना हवी.

---

निरंजना

चढाई बंद व्हायला इतकी वर्षं का लागली, हे कोणी नीट सांगेल का? मंडळात बहुमत 1985 पासून होतं ना?

---

दक्षिणगोलार्ध

निरंजना, यात मंडळाचं कसब दिसतं.

बहुमतानं एका बैठकीत बंदी घालता आली असती, पण ती टिकली नसती. पर्यटन व्यवसायाचा दबाव होता आणि आराखड्याला मंजुरी मंत्र्यांची लागते. म्हणून पायथ्याशी "आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका" अशी विनंती लावली. चढाईचा मार्ग हा माला नावाच्या पूर्वजांच्या वाटेशी जोडलेला आहे, हे तिथेच समजावून सांगितलं. शिवाय आनंगूंच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे चुकुर्पाप्रमाणे, पाहुण्याची जबाबदारी यजमानावर असते. त्या चढणीवर 1950 च्या दशकापासून 35 हून जास्त माणसं दगावली. त्या प्रत्येक मृत्यूचं सुतक त्यांना लागत होतं.

मग 2010 च्या आराखड्यात मोजता येणाऱ्या अटी घातल्या. चढणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्क्यांखाली गेलं तर, किंवा लोक मुख्यतः चढण्यासाठी येत नाहीत असं दिसलं तर, चढाई कायमची बंद करता येईल. 1990 च्या दशकात बहुसंख्य लोक चढत असत. 2015 पर्यंत प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. नोव्हेंबर 2017 मध्ये मंडळानं एकमतानं ठराव केला आणि जमीन परत मिळाल्याच्या तारखेलाच, 26 ऑक्टोबर 2019 ला, चढाई थांबली. 1964 मध्ये ठोकलेली साखळी नंतर काढून टाकली.

दोन वर्षांची मुदत दिल्यामुळे पर्यटन कंपन्यांना कार्यक्रम बदलायला वेळ मिळाला. याचा उलट परिणामही झाला. शेवटच्या महिन्यांत चढायला रांगा लागल्या, रस्त्याकडेला बेकायदा तंबू पडले, कचरा आणि सांडपाण्याचा त्रास झाला. कोणतीही बंदी आधी जाहीर करताना शेवटच्या तीन-चार महिन्यांसाठी जादा स्वच्छतागृहं, जादा माणसं आणि मुक्कामाच्या जागा यांची सोय आराखड्यातच हवी.

---

जाळरेषा

मंडळ, पैसा हे झालं. पण आनंगूंचं पारंपरिक ज्ञान उद्यानाच्या रोजच्या कामात कुठे उतरतं ते पाहायचं तर आगीकडे पाहा. यावर जरा सविस्तर लिहितो.

मध्य ऑस्ट्रेलियात स्पिनिफेक्स नावाचं काटेरी गवत असतं. उशीसारखे गोल झुबके, आत राळ, त्यामुळे ओलं असतानाही पेटतं. एरवी दोन झुबक्यांमध्ये उघडी वाळू असते, म्हणून आग फार पळत नाही. पण सलग दोन चांगल्या पावसाळी वर्षांनंतर मधल्या जागेत दुसरं गवत भरतं, ते वाळतं, आणि सगळं रान एक गादी होऊन बसतं. 1974–75 मध्ये तसा पाऊस झाला आणि 1976 मध्ये उद्यानाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग जळाला.

मूळ कारण पाऊस नव्हे. आनंगू पायी हिंडत तेव्हा वाटेत छोटे छोटे तुकडे जाळत जात : शिकारीसाठी, निरोपासाठी, कोवळा पाला यावा म्हणून. रानात एका वर्षाचा, चार वर्षांचा, दहा वर्षांचा असे जळालेले तुकडे शेजारी शेजारी असत. गोधडीच म्हणा. नव्या आगीला जुना जळालेला तुकडा लागला की ती थांबे. माणसं हलवली गेली, हिंडणं थांबलं, आणि गोधडीची एकच चादर झाली.

1976 नंतर उद्यानानं वडीलधाऱ्यांना विचारून ही पद्धत पुन्हा सुरू केली. ढोबळ क्रम असा :

थंडीचे महिने निवडायचे. वारा मंद, रात्री गारवा, म्हणजे दुपारी लावलेली आग संध्याकाळी आपोआप बसते. आधी नकाशावर मागच्या आगींची वर्षं रंगवायची, म्हणजे सर्वांत जुनं आणि जोडलेलं गवत कुठे आहे ते दिसतं. तिथून सुरुवात. रस्ता, वाळूची टेकडी, जुना जळालेला भाग यांचाच कडा म्हणून वापर करायचा. उगाच नवी जाळरेषा खरडायची नाही, कारण खरडलेल्या पट्ट्यात आधी तण येतं. मल्गा (mulga) या बाभळीच्या जातीच्या झाडांच्या राया आल्या की त्यांच्या भोवती थंड हवेत कड जाळून घ्यायची, आत आग जाऊ द्यायची नाही. मल्गा आगीत मरते आणि पुन्हा बी धरायला तिला बरीच वर्षं लागतात. लवकर दुसऱ्यांदा जळली तर ती राई गेलीच.

चूक कुठे होते? एक, हेक्टरचं उद्दिष्ट ठरवून जाळणं. वर्षअखेरीला आकडा भरायचा म्हणून गरम दिवशी मोठा पट्टा लावला की गोधडीचा हेतूच संपतो. दोन, त्या जागेची माणसं सोबत नसताना जाळणं. कुठल्या झाडाशी कोणाचा संबंध आहे, कुठे जायचं नाही, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही.

---

जाळरेषा

पुढे : उत्तरेला काकाडूत सगळं वेगळं. तिथे बिनिन्ज आणि मुंगुय लोक वर्षाचे सहा ऋतू धरतात. एप्रिलच्या आसपास बांगेरेंग येतो. त्यातली वादळं पुरुषभर उंचीपेक्षा वाढलेलं भालागवत आडवं करतात. मग येगे, म्हणजे मे–जून. जमीन अजून ओलसर असते, रात्री दव पडतं. जाळायला इथे सुरुवात. आधी उंचवट्यावरचं रान, कारण ते आधी वाळतं. मग जसजसं पाणी ओसरतं तसतसं खाली पूरमैदानाकडे. म्हणजे जाळणं वाळण्याच्या मागून चालतं, पंचांगाच्या तारखेमागून नाही. ऑगस्टनंतर गुरुंग ऋतूत लागलेली आग शेंड्यापर्यंत चढते आणि सायप्रस पाइनसारखी झाडं मारते.

सरकारी पद्धतीत इथे अडतं ते वरून आग लावणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वेळापत्रकामुळे. यंत्र ठरलेल्या आठवड्यात येतं, पाऊस लांबला तर गवत ओलं, लवकर थांबला तर कोरडं. म्हणून हवाई जाळणं आणि पायी जाळणं यांचं प्रमाण दरवर्षी मालकांसोबत एप्रिलमध्ये बसून ठरवावं लागतं. डोंगराळ दगडी पठारावर काही झुडुपं फक्त बियांतूनच पुन्हा येतात. त्यांना बी धरायला काही वर्षं आगीविना मिळायलाच हवीत.

---

सागाचंपान

जाळरेषा, उत्तम. आपल्याकडे हा विषय उलटा आहे. गडचिरोली-चंद्रपुरात तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला खालचा पालापाचोळा जाळतात. त्यात रोपटी, अंडी, बांबूचे कोंब जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडणीच बंद केली, कारण ती खुडणी-जाळणीशी बांधलेली आहे. उत्पन्न बांबूवर ठेवलं. तेव्हा "आदिवासी जाळतात" किंवा "आदिवासी जाळत नाहीत" असं सरसकट वाक्य चालत नाही. कुठलं रान, कुठलं गवत, कशासाठी, यावर सगळं ठरतं. दोन्हीकडे निर्णय त्या रानातल्या माणसांचा आहे, साम्य तेवढंच.

---

निरंजना

आगीखेरीज आणखी काय? तण आणि परके प्राणी यांच्यावर फार पैसा जातो असं वाचलंय.

---

जाळरेषा

हो, आणि काही धडे महागात पडलेत.

उलुरूभोवती धूळ बसावी म्हणून बफेल गवत मुद्दाम लावलं होतं. ते आता शत्रू आहे. जळल्यावर देशी गवतापेक्षा लवकर फुटतं, पुन्हा पेटतं, आणि आगींमधलं अंतर कमी होत जातं. मोठी झाडं बुंध्याशी भाजून मरतात. पाण्याच्या आणि विधींच्या जागांजवळ ते हातानं उपटतात. पावसानंतर माती मऊ असताना, बी धरण्याआधी, मुळाच्या गड्ड्यासकट. गड्डा तुटला तर पुन्हा फुटतं. मोठ्या पट्ट्यात तणनाशक, पण झाड हिरवं आणि वाढतं असतानाच. वाळलेल्यावर फवारणं म्हणजे औषध वाया.

बूडेरी हे पूर्व किनाऱ्यावरचं, रेक बे समाजाच्या मालकीचं उद्यान. तिथे बिटू बुश या दक्षिण आफ्रिकी झुडुपावर फवारणी, मग आग, मग पुन्हा फवारणी अशी तिहेरी पद्धत वापरतात. नुसतं जाळलं तर जमिनीतलं बी उगवून आधीपेक्षा दाट होतं. तेच बी एकदम उगवू देऊन दुसऱ्या फवारणीत मारायचं, ही त्यातली युक्ती.

त्याच उद्यानात कोल्ह्यांसाठी विषारी आमिषं टाकली. कोल्हे कमी झाले, छोटे सस्तन प्राणी सावरतील असं वाटलं. पण वॉलबी (छोटे कांगारू) कित्येक पटींनी वाढले आणि जंगलाखालची कोवळी रोपं खाऊ लागले. एक प्राणी काढताना त्यामागे कोण वाढेल हे आधी मोजायला हवं. कुंपण घातलेले नमुना-तुकडे पहिल्या दिवसापासून ठेवले तरच फरक दिसतो.

मोजणीचं एक सुंदर उदाहरण : उलुरूत चाकुरा नावाचा मोठा वाळवंटी सरडा आहे. तो कुटुंबानं बिळात राहतो आणि अख्खं कुटुंब बिळाबाहेर एकाच जागी विष्ठा टाकतं. माग काढणाऱ्या आनंगू बायका-पुरुष त्या ढिगाचा ताजेपणा पाहून बीळ चालू की सोडलेलं ते सांगतात. सापळ्यांपेक्षा हे जलद, आणि प्राण्याला त्रास नाही. हे काम तासाच्या रोजंदारीवर 'मदतनीस' म्हणून नोंदवायचं की तज्ज्ञ म्हणून, यावर पगारश्रेणी ठरते. ही छोटी बाब नाही.

---

रोखठोक

ठीक. पण मंडळ असताना पवित्र जागा बिघडल्याचीही प्रकरणं आहेत ना? काकाडूतलं गुनलोम?

---

तळटीप

आहे, आणि ते प्रत्येकानं अभ्यासावं असं आहे.

गुनलोम हा काकाडूतला प्रसिद्ध धबधबा, जावोइन लोकांची जागा. 2019 मध्ये वरच्या कुंडाकडे जाणारी पायवाट नव्यानं बांधताना ती एका पवित्र, पाहण्यास निषिद्ध अशा स्थानाजवळून गेली. उत्तर प्रांताच्या 1989 च्या पवित्र स्थळ कायद्याप्रमाणे काम सुरू करण्याआधी पवित्र स्थळं सांभाळणाऱ्या प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागतं. ते घेतलं नव्हतं. प्राधिकरणानं खटला भरला. संचालकांच्या बाजूनं मुद्दा असा मांडला गेला की आम्ही केंद्राचे, प्रांताचा फौजदारी कायदा आम्हाला लागू नाही. प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं, पण 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं, जे तिथलं सर्वांत वरचं न्यायालय आहे, तो निकाल फिरवला. कायदा संचालकांनाही लागू.

प्रमाणपत्राची पद्धत वाईट नाही. अर्जासोबत कामाचा नकाशा. प्राधिकरण त्या जागेच्या रक्षकांना घेऊन प्रत्यक्ष जागेवर जातं. मग नकाशावर 'इथे खोदायचं नाही', 'इथे थांबायचं नाही' असे पट्टे आखून अटींसह प्रमाणपत्र. पवित्र स्थानाचं वर्णन अर्जदाराला सांगावं लागत नाही, फक्त सीमा सांगतात. गुपित गुपितच राहतं.

बिघडतं ते नकाशा आणि जमीन यांच्या मधल्या टप्प्यात. मंजुरी एका आखणीला मिळते, कंत्राटदाराला मोठा खडक आडवा येतो, तो वाट दहा-पंधरा मीटर सरकवतो. म्हणून आखणी बदलली की काम थांबवून पुन्हा रक्षकांना बोलवायचं, आणि त्या दिवसांचे पैसे कंत्राटदाराला मिळतील, असं कलम निविदेतच हवं. नाहीतर थांबण्यात कंत्राटदाराचा तोटा असतो, आणि तो थांबत नाही.

---

दक्षिणगोलार्ध

इतर राज्यांत वेगळे नमुने आहेत, थोडक्यात :

उत्तर प्रांतातल्या कोबर्ग द्वीपकल्पावरचं उद्यान 1981 चं, सहव्यवस्थापनाचं देशातलं पहिलं. मंडळात 8 जण, 4 मालक आणि 4 सरकारी. पण अध्यक्ष मालकांपैकी आणि निर्णायक मत त्याचं. संख्या सारखी ठेवून वजन कुठे टाकलं ते पाहा. निटमिलुक हे जावोइनांचं, 1989 चं. 13 जणांत 8 जावोइन आणि एक जागा जवळच्या कॅथरीन गावातल्या रहिवाशासाठी. तिथल्या घळीतल्या बोटींचा व्यवसाय जावोइनांनी स्वतः घेतला. म्हणजे तिकिटाच्या टक्क्यांपलीकडे धंदाच त्यांचा.

न्यू साउथ वेल्समध्ये मुटाविंजी हे 1998 मध्ये परत मिळालेलं पहिलं उद्यान. त्यासाठी 1983 मध्ये लोकांनी रस्ता अडवला होता. तिथे पट्टा किमान 30 वर्षांचा, पण भाडं मंडळाच्या खात्यात जातं आणि उद्यानावरच खर्च करावं लागतं. मालकांना रोख मिळत नाही. काही जण याला फसवणूक म्हणतात. माझं मत, पैसा मंडळाच्या खात्यात असल्यामुळे वर तळटीप यांनी सांगितलेली रिकाम्या हातांची अडचण तिथे थोडी कमी होते.

व्हिक्टोरियात 2010 चा पारंपरिक मालक समझोता कायदा. गुनाइकुर्नाई लोकांना त्याच वर्षी 10 उद्यानं आणि राखीव क्षेत्रं सहव्यवस्थापनाखाली मिळाली. त्यांची संस्था स्वतः वनरक्षक नेमते. हे वनरक्षक सरकारी गणवेशातले नाहीत, संस्थेचे आहेत. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच.

---

तळटीप

दक्षिणगोलार्ध यांच्या शेवटच्या ओळीला दुजोरा. मंडळाचं बहुमत तीन महिन्यांतून एकदा चालतं, वनरक्षक रोज. ज्यांचे वनरक्षक त्यांचं उद्यान.

बैठकांबद्दलही सांगायला हवं. आनंगूंची भाषा पिचंचाचारा किंवा यांकुनिचाचारा. शंभर पानी इंग्रजी टिपण बैठकीच्या सकाळी वाटलं तर आठ मतांचं बहुमत शून्य. चालणारी पद्धत अशी : टिपण दोन पानी, नकाशा आणि चित्रांसह, काही आठवडे आधी. दुभाषी दोन, एक पुरुष आणि एक स्त्री, कारण काही जागांबद्दल पुरुषांनी बायकांसमोर आणि बायकांनी पुरुषांसमोर बोलायचं नसतं. त्या विषयांची चर्चा वेगवेगळी होते आणि मंडळापुढे फक्त निर्णय येतो. शक्य तिथे आधी जागेवर जाऊन यायचं. आणि कोणी वारलं तर बैठक पुढे ढकलायची, सुतक संपेपर्यंत. खर्चाच्या तरतुदीत दरवर्षी अशा एक-दोन ढकललेल्या बैठकी धरूनच चालावं. 'लोक आलेच नाहीत' असा शेरा मारून ठराव पास करणं ही सगळ्यात नेहमीची चलाखी.

---

सागाचंपान

ही चलाखी आपल्याला ओळखीची आहे. 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला 50 टक्के गणसंख्या आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बायका, अशी अट आहे.

आपली रचना पुन्हा एकदा समोर ठेवतो, म्हणजे तुलना न्याय्य होईल. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 3(1)(झ) सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं. दावा नमुना 'क' मध्ये, वनहक्क समिती, मग उपविभागस्तरीय, मग जिल्हास्तरीय समिती. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला मात्र एप्रिल 2011 उजाडला. हक्काचा कागद आणि परवान्याचं पुस्तक यांच्यात दीड वर्षाहून जास्त काळ. इथेही किल्ली वेगळीच होती.

फरक दोन. आपल्याकडे मालकी मिळत नाही, हक्क मिळतो. त्यामुळे भाडं मागायचा प्रश्नच येत नाही. आणि राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात हा हक्क कायद्यानं नाकारलेला नाही, तरी व्यवहारात पुनर्वसन आधी आणि हक्क नंतर असं घडतं. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पात राहून सामूहिक हक्क मिळाले, म्हणजे अशक्य नाही. ताडोबाचं तर नावच तिथल्या तारू देवावरून आलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे.

---

रानमेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. एखाद्या अभयारण्याच्या कडेच्या ग्रामसभेला उद्या वनविभागासोबत करार करायला बसायचं असेल, तर तिनं त्यात काय लिहून घ्यावं? तत्त्वं नकोत, कलमं सांगा.

---

तळटीप

माझ्याकडून एवढं :

पहिलं, वनरक्षक आणि वाटाडे ग्रामसभेच्या हजेरीपटावर, पगार विभागाकडून ग्रामसभेच्या खात्यात दर महिन्याला. दुसरं, प्रवेश शुल्कातला हिस्सा अधिक ठरावीक किमान रक्कम, आणि दर पाच वर्षांनी दोन्हीचा फेरविचार. तिसरं, कोणतंही खोदकाम, वाट, मनोरा, पाणवठा यांआधी ठाण्यांच्या आणि देवराईच्या सीमा ग्रामसभेनं जागेवर आखून द्यायच्या. आखणी बदलली तर काम बंद. चौथं, आराखड्याचा मसुदा मराठीत आणि बोलीत वाचून दाखवल्याची नोंद इतिवृत्तात, तारखेसह. पाचवं, मतभेद झाला तर त्रयस्थ कोण, त्याचं नाव नव्हे तर पद, करारातच. उलुरूसारखं मंत्र्यांवर सोडलं की प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो.

---

जाळरेषा

सहावं माझं : आगीचा नकाशा. दरवर्षी जूनमध्ये त्या उन्हाळ्यात कुठे, कोणत्या महिन्यात, किती जळलं, ते ग्रामसभेनं आणि वनपालानं एकाच नकाशावर रंगवून दोघांनी सही करायची. एक प्रत ग्रामपंचायतीत भिंतीवर. पाच वर्षांचे पाच नकाशे शेजारी लावले की जाळरेषा कुठे काढायची आणि पालापाचोळा कुठे गोळा करायचा, यावर फार वाद उरत नाही. रंगीत पेन्सिली आणि 1:25,000 चा छापील नकाशा पुरतो. संगणक नसला तरी चालतं.